दोन लांब, एक आखूड

चाँदभाई चहाचा पहिला घोट स्वतः कधी घ्यायचे नाहीत. तो इंजिनाच्या चाकावर ओतायचे. "आदी तिला, मग मला," म्हणायचे. "लोखंडाला बी मान लागतो."

राहुरीकडच्या आमच्या साखर कारखान्यात ऊस ओढायला वाफेची दोन छोटी इंजिनं होती. पुढचं चाँदभाईंचं, मागचं माझं. त्यांच्या इंजिनाचं पितळ चिंचेनं घासून असं लखलखायचं की त्यात बघून ते मिशी कातरत. एकदा मोठे साहेब बुटांसकट वर चढायला लागले, तर भाईंनी त्यांना बूट काढायला लावले. साहेबांनी मुकाट्यानं काढले! माझ्या इंजिनावर शेळ्या चढायच्या. माझा जळफळाट होणार नाही तर काय?

त्यात आदल्या साली माझं इंजिन घसरून पाटात पडलं, तेव्हापासून त्याची शिट्टी मुकी. भाईंची कोसभर ऐकू जायची. रोज संध्याकाळी आमच्या चाळीपाशी ते ती वाजवायचेच. दोन लांब, एक आखूड. शेजारीण एकदा म्हणाली, "शिट्टी झाली की तुमची सुमन दारात येती बगा."

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी घरी कान टवकारून बसलो. भाईंचं इंजिन आलं आणि गेलं. शिट्टी नाही! पुढच्या सुट्टीलाही तेच. नवरा घरात असला की शिट्टी बंद? माझं डोकंच फिरलं. भाईंशी मी बोलणं टाकलं.

बहात्तरच्या दुष्काळाआधीचा तो हंगाम. भाई तापानं पडले आणि त्यांच्या जागी बदली ड्रायव्हर आला. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. संध्याकाळी घरी आलो, तर चूल थंड आणि सुमन दारात रडत उभी.

"शिट्टी झाली न्हाई," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमी परत पाटात पडला."

"माझा त्या शिट्टीशी काय संबंध?"

"चाँदभाईच म्हनले हुते, 'वहिनी, त्याची शिट्टी मुकी हाय. तो पाट वलांडून आलेला दिसला की मी वाजवीन, मग भाकरी टाका.'"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज ताटात पडणारी गरम भाकरी त्यांच्या शिट्टीची होती.

भाकरी-पिठलं फडक्यात बांधून मी भाईंच्या खोलीवर गेलो. घरात दुसरं कोणी नव्हतं. "भाई, मी तुमच्यावर उगीच जळत होतो," मी म्हणालो.

"माज्या शिट्टीवर तवा ठेवनारं कोन ऱ्हायलंय आता?" ते म्हणाले. "तुज्या घरी तरी तापावा."

त्यांनी भाकरी मोडली आणि पहिला तुकडा माझ्यापुढे धरला.

"आदी तुला," म्हणाले.