भटूआप्पांची व्हायोलिनं

आमच्या शहाद्यात लग्नाच्या सुपारीला कीबोर्डबरोबर टेबलफॅन घेऊन जाणारा वादक एकच, माझे शेजारी भटूआप्पा. फॅन स्वतःसाठी नव्हे, लॅपटॉपसाठी. मांडवात आप्पा घामाने निथळत असायचे आणि लॅपटॉप वारा खात बसलेला असायचा.

बाकीचे वादक कीबोर्डमधल्याच आवाजांवर भागवत. आप्पांना ते प्लास्टिकचे वाटत. त्यांच्या लॅपटॉपात खऱ्या व्हायोलिनांचा अख्खा ताफा होता, एकेक सूर हळू, मध्यम, जोरात वाजवून रेकॉर्ड केलेला. कीबोर्ड लॅपटॉपला जोडलेला, कळ जशी दाबाल तसा आवाज. फक्त एवढा ऐवज मेमरीत चढायला फार वेळ लागे. कुणी घाई केली की आप्पा हात वर करत, "दम धर भाऊ, व्हायोलिनवाला येई ऱ्हायनात!"

विसरवाडीच्या एका लग्नात नवरी स्टेजवर चढली, आप्पांनी झोकात कळा दाबल्या आणि लॅपटॉप अडकला. एकच सूर निघाला, तो थांबेचना. नवरी खुर्चीत बसली, हार झाले, तरी सूर चालूच. शेवटी नवरदेवाच्या मामाने स्पीकरची वायर उपटली.

त्यानंतर सुपाऱ्या आटल्या. मी म्हणालो, "आप्पा, साधेच आवाज वाजवा की."

"खोटं वाजाडानं नही," ते म्हणाले आणि घरीच वाजवत राहिले.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी, विमलवहिनी, गेल्या. फार गोड गळा होता त्यांचा. तेराव्यानंतर एका दुपारी मी आप्पांकडे गेलो, तर ते कीबोर्डपुढेच बसलेले. त्यांनी एक कळ दाबली. खोलीत वहिनींचा "आ" उमटला. मी दचकलोच. वहिनी आजारी पडण्याआधी आप्पांनी त्यांना समोर बसवून एकेक सूर रेकॉर्ड केला होता, हळू, मध्यम, जोरात.

"किती स्वच्छ आलाय आवाज," मी कसंबसं म्हणालो.

"स्वच्छ शे ना. ती मधमाच हासे. 'मी काय पेटी शे का?' म्हने. मी खेकसू, चूप बस, परत घे. आनि ते समदं हासनं मी कापी टाकं, भाऊ."

त्यांनी कळेवरचं बोट काढलं. मग हळूच म्हणाले, "तुन्हा मोबाईलमा शे का रे कोठे, तिन्हं हासनं?"

मी शोधू लागलो. माझ्या लेकीच्या साखरपुड्याचा एक व्हिडिओ सापडला. त्यात वहिनी तोंडाला पदर लावून खळखळून हसत होत्या. आप्पांनी मोबाईल कानाशी नेला. ऐकू नुसता डीजे येत होता.