दोनशे दहा ग्रॅमची घट

धनराजने स्वतःच्या तीन दिवसांच्या मुलीच्या वजनातली घट पकडण्यासाठी सासरच्या अख्ख्या घराची चौकशी केली आणि शेवटी त्याला मोहफुलांच्या ढिगासमोर कान धरावे लागले.

असं काहीही झालेलं नाही. सासरी कोणालाही विचारा, "आमचे जवाई? लई शांत मानूस," एवढंच उत्तर मिळेल. तसं घरात ठरलंय. तेव्हा जे झालंच नाही, ते येणेप्रमाणे झालं नाही.

धनराज घुग्घुसकडच्या एका कोळसा खाणीत काट्यावर होता. काट्यावर म्हणजे ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर. भरलेला ट्रक खाणीत एक वजन दाखवतो आणि रेल्वे सायडिंगवर, म्हणजे मालगाडीत कोळसा भरतात तिथे, दुसरं. मधल्या रस्त्यात जे कमी होतं त्याला घट म्हणतात. घट आपोआप होत नाही, ती कोणीतरी करतं, हे अकरा वर्षांत धनराजच्या हाडात मुरलं होतं. पकडलेला प्रत्येक ड्रायव्हर एकच वाक्य बोलायचा, "घटतेच साहेब थोडंफार." हे वाक्य ऐकलं की धनराज ताडपत्री सोडायला लावायचा.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बायको दीपिका सातव्या महिन्यातच गडचिरोलीकडच्या आपल्या गावी आली होती. धनराज आठ दिवसांची रजा टाकून पोचला तेव्हा दिवस मोहाचे होते. सासरे मुखरूजी पहाटे टोपली भरभरून फुलं आणत आणि अंगणात वाळत घालत. नुसतं बसून राहणं धनराजला जमेना. त्याने घरातला जुना तराजू घासूनपुसून त्या सकाळचा मोहा तोलला, कोपऱ्यात वेगळा पसरला आणि वर भिंतीवर कोळशाने लिहिलं, 'बारा किलो.' मुखरूजींनी ते वाचलं आणि रिकामी टोपली उचलली. ते फारसं बोलत नसत, जावयाशी तर मुळीच नाही.

त्याच दुपारी तालुक्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. मुलगा की मुलगी, हे धनराजने नर्सला नंतर विचारलं. आधी विचारलं, "वजन?"

"दोन किलो नऊशे ऐंशी."

"तोलायच्या आधी काटा शून्यावर होता ना?"

नर्सने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मुलीने काळंकुट्ट, चिकट, अगदी डांबरासारखं काहीतरी केलं. धनराज नर्सला बोलवायला उठला, पण सासूबाई रुखमाबाई हसायला लागल्या. "पह्यलं असंच येते बापू. पोटातलं हाय ते." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "बापाच्या खाणीचा माल घेऊनच आली वं तुही पोरगी!" धनराजची छाती दोन इंच फुगली.

तिसऱ्या दिवशी बाळबाळंतीण घरी आली आणि मागोमाग गावची आशाताई रीता झोळीचा काटा घेऊन आली. तिने मुलीला उघडं करून झोळीत ठेवलं आणि काटा वाचला. "दोन सातशे सत्तर."

धनराजच्या हातातला चहा हातातच राहिला. "दोनशे दहा ग्राम कुठी गेले?"

"पह्यल्या आठवड्यात घटतेच दादा थोडंफार," रीता म्हणाली.

झालं. बरोब्बर तेच वाक्य.

धनराजने आधी काट्याची चौकशी केली. मिठाची किलोची पुडी झोळीत घातली, किलोच भरली. काटा इमानदार निघाला. म्हणजे आता माणसं उरली.

"दवाखान्यातून येताना गाडी कुठी थांबली होती?" त्याने साळ्याला, विक्कीला, विचारलं. गाडी त्यानेच आणली होती.

"जंगल नाक्यावर. फाटक उघडेपर्यंत."

"किती वेळ?"

"पाच मिनटं असन."

"तवा लेकरू कोणापाशी होतं?"

"मायपाशी."

धनराजने सासूबाईंकडे पाहिलं. पाहायला नको होतं.

"मंग काय, मी खाल्लं काय दोनशे ग्राम?" रुखमाबाई कडाडल्या.

"तसं नाई मामी, मी फक्त रस्ता तपासून राह्यलो."

मग त्याने ओला लंगोट तोलला, कोरडा तोलला आणि वजाबाकी केली. वीस ग्रॅम निघाले. एवढ्याने भागत नव्हतं. आता काट्याच्या नियमाने एकच शक्यता उरत होती. माल कमी भरला आणि वाटेत कोणी काढला नाही, तर माल बदललेला असतो. तो खोलीच्या दाराशी गेला आणि त्याच्या मते हळू आवाजात म्हणाला, "दीपिका, हे आपलीच हाय ना?"

दीपिका तीन दिवसांत सलग तासभर झोपली नव्हती. तिने मुलीला छातीशी घेतलं.

"बाहेर जा."

"मी फक्त विचारून..."

"बाहेर! आन् इच्याकडे पाहू बी नका. चोराच्या घरची हाय ते."

दार लागलं. रजेचे पाच दिवस उरले होते आणि मुलगी दाराच्या पलीकडे होती.

'त्याच्या मते हळू' असलेला आवाज तोवर विहिरीपर्यंत पोचला होता. जेवणवेळेपर्यंत दवाखान्यात लेकरं बदलल्याची बातमी शेजारच्या गावात गेली. चार वाजता मोटरसायकलवर डोमा नावाचा माणूस आला. त्याची बायको चंचल दवाखान्यात दीपिकाच्या शेजारच्या खाटेवर होती.

"भाऊ, आमचं बी एकशे नव्वद कमी भरलं आज," तो घाम पुसत म्हणाला. "बदलली म्हंते लेकरं. तुमच्याकडं आलं काय आमचं?"

"तुमचं काय हाय?"

"पोरगा."

"आमची पोरगी हाय."

दोघेही या अडचणीवर बराच वेळ विचार करत उभे राहिले.

"म्हंजे दोघाचे मिळून चारशे गेले," धनराज शेवटी म्हणाला.

"मोठी टोळी असन," डोमा म्हणाला.

तेवढ्यात अंगणातून आवाज आला. "जवाईबापू, इकडं या." मुखरूजी स्वतःहून बोलले म्हणून रुखमाबाईही स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मुखरूजींनी भिंतीवरच्या 'बारा किलो'कडे बोट दाखवलं आणि खालच्या मोहाकडे. "तोला."

धनराजने तोलला. पुन्हा तोलला. "सहा."

"सहा कुठी गेले?"

धनराजने पारड्यातली फुलं चिवडली.

"कोणं चोरले? मी?"

"नाई मामाजी. वाळला तो."

"मंग!" मुखरूजी खाली बसले. आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण ते करणार होते. "नऊ महिने पाण्यात होती पोरगी. ओला मोहा हाय ते. आता हवा लागून राह्यली. घटंन थोडी, मंग माय पाजंन आन् भरंन. मोहा भरत नाई, पोरगी भरते. एवढाच फरक हाय."

डोमाने विचारलं, "पोरगा बी?"

"पोरगा बी."

डोमाने मोटरसायकलला किक मारली.

धनराजने तिथेच मोहासमोर कान धरले आणि मग दाराशी गेला. "दीपिका, ते मोहा..."

"माहीत हाय मले. रीताताई सकाळपासून तेच सांगून राह्यली ना!" दार उघडलं. "माह्या मायचे पाय धरा आधी."

धनराजने धरले. रुखमाबाईंनी, "राहू द्या, तोलान एखाद्या वेळी," म्हणत पाय मागे घेतले. मग दीपिकाने मुलगी त्याच्या हातात दिली.

"मान सांभाळा. आन् तोलू नका."

नुसत्या नजरेने ट्रकचा अंदाज सांगणाऱ्या धनराजला हातातल्या त्या गाठोड्याचं वजन काही केल्या सांगता येईना. मुलीने जांभई दिली. त्याने नाक ओढलं आणि धूळ फार आहे असं सांगितलं. धूळ नव्हती.

रजेच्या शेवटच्या दिवशी रीता पुन्हा आली. "दोन नऊशे नव्वद!"

"भाऊजी, जन्मापेक्षा दहा ग्राम जादा!" विक्की ओरडला. "ओव्हरलोड! लावा दंड!"

घर हसलं. धनराज हसला नाही. तो मनात मोजत होता. पाच दिवसांत दोनशे वीस. पुढची रजा सव्वा महिन्याने. तो ओसरीवर बसला, ऑफिसात लिहितो तशा अक्षरात एक कागद लिहिला आणि रीताच्या हाती दिला. वर पाठवा म्हणाला. असा अर्ज वर जायला वाटच नाही, हे रीताच्याने त्याला सांगवलं नाही. तिने घडी करून लसीकरणाच्या कार्डांखाली ठेवला.

'प्रति, मा. आरोग्य अधिकारी साहेब. विषय : वाढीस स्थगिती मिळणेबाबत. महोदय, अर्जदार उद्यापासून कामावर हजर होत आहे. तरी अर्जदार रजेवर परत येईपर्यंत सदर मुलीस आहे त्याच वजनावर ठेवण्यात यावे, तसेच मधल्या काळात तिने हसणे, मान धरणे व माणूस ओळखणे यांपैकी काहीही अर्जदाराच्या गैरहजेरीत करू नये, असे तिला आपल्या स्तरावरून कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.'