भिंतींची कमाई

धाकट्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी पेंटरला कळलं की देशाच्या हिशेबात आपण नाही.

देशाचं उत्पन्न मोजणं हे मोठ्या जोखमीचं काम आहे. माणूस स्वतःचं उत्पन्न सरकारला कमी सांगतो, व्याह्यांना वाढवून सांगतो आणि शेजाऱ्याचं तर डोळे मिटून सांगतो. देशाचं उत्पन्न मात्र कोणालाच माहीत नसतं, म्हणून ते दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत अचूक सांगावं लागतं. त्यासाठी एक स्वतंत्र कार्यालय असतं. कार्यालय म्हटलं की दारावर पाटी आली, आणि पाटी म्हटलं की पेंटर आला.

पेंटरने चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यातली पस्तीस वर्षं त्याला वाचता येत नव्हतं. गिऱ्हाईक कागदावर लिहून द्यायचं आणि पेंटर ते चित्र समजून उतरवायचा. घोडा काढणाऱ्याला खिंकाळता यावं लागत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. हे म्हणणं दातांच्या डॉक्टरांच्या पाटीपर्यंत टिकलं. त्या दिवशी कागद हातात उलटा आला आणि पाटी तशीच रंगली. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ पायाखाली गेलेली पेंटरला दिसली होती, पण शिकलेल्या लोकांची नवी फॅशन असेल, असं वाटून तो गप्प राहिला. (डॉक्टरांनी पाटी बदलली नाही. लोक तिच्याखाली थांबायचे, तोंड उघडं टाकून वर बघायचे, तेवढ्यात डॉक्टरांना आतून त्यांचे दात दिसायचे. धंदा वाढला.)

पेंटरची बायको सातवी शिकलेली होती. उलट्या पाटीची हकिकत तिच्या कानावर आली त्या संध्याकाळी तिने स्वयंपाक उरकला, तवा गार होऊ दिला, मग तो उलटा करून त्याच्या काळ्या पाठीवर खडूने अक्षर काढलं. "गिरवा," ती म्हणाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तव्याच्या पोटाचं काम झालं की पाठीवर शाळा भरायची. सकाळी तवा शेगडीवर चढला की कालचा धडा जळून जायचा. पेंटरच्या डोक्यातून तो बहुधा त्याच्याही आधी गेलेला असायचा.

पाच वर्षांत साधी अक्षरं झाली. जोडाक्षरं राहिली. दोन अक्षरांना शेजारी शेजारी सुखाने राहता येत असताना ती एकमेकांच्या अंगावर का चढतात, हे पेंटरला पटत नव्हतं.

"संसार आहे तो," बायको म्हणायची. "शिकाल हळूहळू."

अशा वेळी ती पाटी आली. 'राष्ट्रीय उत्पन्न मापन कार्यालय'. चार शब्दांपैकी तीन पेंटरला वाचता येईनात. रंगवून मात्र त्याने झकास दिली. कार्यालयाचे साहेब बघायला बाहेर आले. त्यांना सगळे टक्केसाहेब म्हणत, कारण 'जेवलात का' असं विचारलं तरी ते 'साधारण सत्तर टक्के' म्हणत.

"साहेब, इथे नेमकं काय चालतं?" पेंटरने विचारलं.

टक्केसाहेबांना हा प्रश्न नोकरीत पहिल्यांदाच कोणी विचारला होता. त्यांनी चहा मागवला आणि शिडीजवळ स्टुलावर बसून सगळं समजावून सांगितलं. देशात जे विकलं जातं ते मोजायचं. जे विकलं जात नाही ते, काही अपवाद सोडले तर, नाही असं समजायचं. जुनं कपाट विकलं तर मोजायचं नाही, ते पूर्वीच मोजून झालं. कोणी कोणाला नुसतेच पैसे दिले तर तेही मोजायचे नाहीत, पैसे फक्त खिसा बदलतात. कोणी काच फोडली तर गप्प बसायचं आणि नवी बसवली की टिपून घ्यायचं.

"मग मी धरलोय ना त्यात?" पेंटर म्हणाला.

"ही पाटी धरू की. या तिमाहीत आहात तुम्ही. पुढच्या तिमाहीत काय करणार?"

"आता कुठली कामं साहेब! सगळे छापील फलक लावतात. मुली पाठवतात त्यावर चाललंय."

"ते खिसा बदलणं झालं. म्हणजे शून्य." टक्केसाहेब हळहळले. "घर कोणाचं?"

"माझंच. दोन खोल्या."

"मग हरकत नाही! घर धरलंय. तुम्ही स्वतःला भाडं देता."

"नाही हो साहेब. आजवर एक पैसा दिलेला नाही."

"दिलं असं आम्ही धरतो."

"घेतो कोण?"

"तुम्हीच."

"मला मिळालं नाही."

"मिळालं असंही धरतो. तुम्ही काळजी करू नका."

पेंटरने थोडा वेळ ब्रश झटकला. फुकट बसून भिंती कमावत असतील, तर उभं राहून राबणारं माणूस नक्कीच कमावत असणार, असा त्याने साधा हिशेब केला. (उशिरा शिकलेल्या माणसाचा हा दोष असतो. त्याला वाटतं, एका पानावर कळलं ते दुसऱ्या पानावरही चालेल.)

"आणि माझी बायको?"

"त्या काय करतात?"

"काही नाही," पेंटर म्हणाला. "घरीच असते."

"आम्हीही तेच लिहितो," टक्केसाहेब म्हणाले, आणि दोघांचं एकमत झाल्याबद्दल त्यांना समाधान वाटलं.

घरी आल्यावर पेंटरने भिंतींकडे पाहिलं. आजवर तो त्यांना टेकून बसत असे. त्या दिवशी कमावत्या माणसाला टेकावं की नाही, असा संकोच वाटून तो जरा पुढे सरकून बसला. बायकोने कारण विचारलं. त्याने सांगितलं.

"म्हणजे भिंती मिळवत्या, आणि मी ऐतखाऊ?"

"ऐतखाऊ नाही गं. फक्त धरलेली नाहीस."

"लग्नात हात धरलात तेव्हा कुठल्या कार्यालयाला विचारलं होतंत?" ती म्हणाली आणि तवा उलटा करायला उठली. त्या दिवशी धडा होता 'क्य'चा. पेंटरचं लक्ष नव्हतं. चाळीस वर्षं त्याने दुसऱ्यांची नावं भिंतींवर चढवली होती. म्हातारपणी भिंत मोजली जावी आणि आपण राहावं, हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं. आता काही झालं तरी मोजणीत यायचंच, असं त्याने ठरवलं.

पलीकडच्या खोल्यांत एक निवृत्त बसकंडक्टर राहत असे. मधे एकच भिंत. (ती दोन्ही घरांकडून कमावत होती.) पेंटरने त्याला देशाची परिस्थिती समजावून सांगितली. कंडक्टरलाही आयुष्यभर मोजायची सवय होती आणि आता मोजायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्याला ते तात्काळ पटलं. योजना सोपी होती. पेंटरच्या बायकोने कंडक्टरच्या घरचा स्वयंपाक, धुणं, भांडी, केरवारा करायचा. कंडक्टरच्या बायकोने पेंटरच्या घरचा. रोजची मजुरी रोज. काम तेच, बायका त्याच, फक्त भिंत ओलांडायची. भिंत ओलांडली की काम देशाला दिसतं.

"आणि मजुरीला पैसे?" कंडक्टर म्हणाला. "सुटे नाहीत माझ्याकडे."

"एकच नोट पुरते," पेंटर म्हणाला. आणि खरोखरच पुरली. सकाळचं काम झालं की कंडक्टर ती नोट पेंटरच्या बायकोला द्यायचा. ती घरी येऊन पेंटरच्या हातावर ठेवायची. संध्याकाळी पेंटर ती कंडक्टरीणबाईंना द्यायचा. त्या घरी जाऊन कंडक्टरच्या हवाली करायच्या. रात्रभर नोट विश्रांती घ्यायची. टक्केसाहेबांनी वर बोट करून जरा विचार केला आणि हे सगळं मोजणीत बसतं असा निर्वाळा दिला. वाढीचा दर मात्र त्यांना काढता येईना, कारण पूर्वीचा आकडा शून्य होता आणि शून्याने भागता येत नाही. एवढी वाढ झाली की गणित थांबलं! पेंटरने हे वाक्य गल्लीतल्या प्रत्येकाला सांगितलं.

आता प्रगती म्हटली की थोडी गैरसोय आलीच. कंडक्टरला मधुमेह होता, त्यामुळे कंडक्टरीणबाईंच्या हाताला साखर ठाऊकच नव्हती. पेंटर बिनसाखरेचा चहा पिऊ लागला. मोजलेला चहा जरा कडूच लागायचा. त्या कामाला आल्या की 'अहो, जरा पाणी देता का' असं म्हणता येईना, कारण पाणी देणं ठरवून घेतलेल्या कामांत नव्हतं. उलट पेंटरच्या बायकोची प्रकृती सुधारली. तिला आयुष्यात पहिल्यांदाच रविवारची सुट्टी मिळाली. पलीकडे तिला 'बाई' म्हणत, जेवण चांगलं झालं असं सांगत, आणि मालकाबद्दल कुरकुर करायची सोय होती.

"कंडक्टर फार शिस्तीचे," ती घरी येऊन सांगायची. "ताटातून उठताना 'झालं' म्हणतात. तुम्ही कधी म्हणालात?"

"मला काय माहीत, म्हणायचं असतं ते."

पहिला आठवडा संपल्यावर पेंटर संध्याकाळी खडू घेऊन बसला. तवा पालथा होता, पण बायको उठेना.

"जोडाक्षरं?" पेंटर म्हणाला.

"शिकवणी हा वेगळा धंदा आहे," ती म्हणाली. "त्याची वेगळी मजुरी. फुकट शिकवलं तर देशाला दिसणार नाही, तुम्हीच सांगितलंत."

पेंटरने खिसा चाचपला. नोट या वेळी भिंतीपलीकडे असायची. तिला सकाळपर्यंत इकडे येता येत नसे.

तेव्हा शाळा बंद पडली. दोघं संध्याकाळी दोन टोकांना बसू लागली, आणि घराच्या उत्पन्नाचा आलेख चढता राहिला. कधी कधी पेंटर एकटाच तव्यावर खडूने रेघा मारायचा. तिला ते दिसायचं. त्याने मागितलं असतं तर ती उठली असती. तो मागत नव्हता, कारण तत्त्वाचा प्रश्न होता.

योजना बाळंतपणाने मोडली. कंडक्टरच्या लेकीचे दिवस भरत आले आणि कंडक्टरीणबाई तिच्याकडे निघून गेल्या. (बाळंतपण करायला गेलेली आई काही धरत नाहीत. दवाखाना धरतात.) कंडक्टर जेवायला पेंटरकडे येऊ लागला. त्याच्याकडून मजुरी घ्यायची कशी? पाहुणाच तो. पेंटरची बायको दोन्ही घरांचं करू लागली, आणि भिंतीच्या अलीकडे व पलीकडे उत्पन्न पुन्हा शून्यावर आलं. पेंटरने ही मंदी मोठ्या धीराने सोसली. चहात साखर आली होती, त्यामुळे धीर धरणं सोपं गेलं.

योजनेच्या शेवटच्या दिवशी नोट बायकोच्या हातात राहिली होती. तिने त्या नोटेचे रंगीत खडू आणले.

"अगं, देशाची नोट ती!" पेंटर म्हणाला.

"मग? दुकानदाराने मोजली की," ती म्हणाली. "बसा आता. 'ष्ट्र' काढायचाय. तीन अक्षरं आहेत एकावर एक. घाबरू नका."

पेंटर घाबरला, पण बसला. त्या वर्षभरात तो हळूहळू सगळी जोडाक्षरं चढला. लाल खडूने ती काढायची, पिवळ्याने तो गिरवायचा. कंडक्टर बाजूला बसून 'पुढे चला, पुढे चला' म्हणायचा. पेंटरने याबद्दल कोणाला काही दिलं नाही, कोणी त्याच्याकडे मागितलं नाही, आणि टक्केसाहेबांच्या कार्यालयाच्या दृष्टीने त्या घरात वर्षभर काहीही घडलं नाही.

पुढच्या वर्षी मात्र घर खऱ्या अर्थाने मोजणीत आलं. स्वयंपाकाला बाई लागली. धुणं बाहेर जाऊ लागलं. केरवाऱ्याला दुसरी बाई. दुपारचा चहा कोपऱ्यावरच्या दुकानात. शर्टाची गुंडी शिंप्याकडे. पाठीला तेल लावायला एक माणूस, आठवड्यातून दोनदा. धाकटीने बापाशी बोलायला म्हणून फोन घेऊन दिला, त्याचं भाडं निराळं. स्वयंपाकाच्या बाई कामाला फार चोख. पहिल्याच दिवशी त्यांनी तवा पालथा केला, पाठीवरचं लाल-पिवळं पाहून नाक मुरडलं आणि घासून लख्ख करून ठेवला. ते काम मोजलं गेलं.

पेंटर हे सगळं सांगायला कार्यालयात गेला. पाटी अजून झकास होती. त्याने तिच्यावरचे चारही शब्द वाचले.

"अभिनंदन!" टक्केसाहेब म्हणाले. "तुमच्या घराची वाढ सुरू झाली. एकूण देशाचीही या तिमाहीत चांगली आहे."

"साहेब, आणि घट झाली ती?"

टक्केसाहेबांनी समोरचे आकडे वरून खाली पाहिले, मग खालून वर पाहिले. ते मनापासून मदत करणारे गृहस्थ होते.

"कुठली घट?" ते म्हणाले.

पेंटरने घरी येऊन वर्तमानपत्र उघडलं. पहिल्याच पानावर होतं, राष्ट्रीय उत्पन्नात लक्षणीय वृद्धी. त्याने ते मोठ्याने वाचलं, एकही अक्षर न अडखळता. ऐकायला भिंती होत्याच.

ही गोष्ट तुम्ही विकत घेऊन वाचत असाल, तर देशाच्या हिशेबात आलात. कोणाकडून मागून आणली असेल, तर नाही आलात. पण ते राहू दे. तुम्ही हे वाचत बसला आहात तेवढ्यात आतल्या खोलीत भांड्याचा आवाज झाला असेल. जरा हाक मारून विचारा, काय चाललंय म्हणून. 'काही नाही' असं उत्तर येईल. तुम्हीही ते तसंच धरून पुढे वाचाल.

पेंटरची बायको गेल्या वर्षी, उन्हाळा सरता सरता, एका बुधवारी सकाळी शेगडीजवळ उभी असताना वारली.