भाऊरायांच्या न्हाणीघरातलं घड्याळ

नगरपालिकेच्या गोदामाचं छत गळायला लागलं, म्हणून भाऊरायांनी भेट आलेलं एक घड्याळ ‘दोन दिवसांपुरतं’ घरी नेलं. त्या दोन दिवसांना आता वीस वर्षं होत आली. (कचेरीतल्या माणसाचे दोन दिवस असेच असतात.)

भाऊराया म्हणजे भगिनी-शहर विभागाचे एकुलते एक कारकून. शहरानं देशोदेशीच्या सात शहरांशी बहिणीचं नातं जोडलं आणि त्या साती जणींचा पत्रव्यवहार यांच्या गळ्यात घातला, म्हणून कचेरीनं त्यांचा भाऊराया करून टाकला. या नात्यांचा चारशे पानी इतिहासही त्यांनी लिहिला होता. प्रत्येक बहिणीकडे एकेक प्रत धाडली, पण एकीनंही पोच दिली नाही. आज मात्र सगळ्यात थोरल्या बहिणीच्या महापौरबाई साक्षात आल्या होत्या! त्यांनी इतिहासाबद्दल दोन शब्द बरे काढले, तर निवृत्तीआधी विभागप्रमुख करतो, असं साहेब म्हणाले होते. भाऊरायांचा पाय सकाळपासून जमिनीवर ठरत नव्हता.

बाईंनी पुष्पगुच्छ बाजूला ठेवला आणि दुभाषीकरवी पहिलाच प्रश्न टाकला. “आम्ही दिलेलं घड्याळ कुठे आहे? माझ्या वडिलांनी बनवलं होतं ते.”

“दुरुस्तीला दिलंय,” भाऊराया बोलून गेले.

“मग त्या दुकानातच जाऊ. ते घड्याळ मी डोळे मिटूनसुद्धा दुरुस्त करीन.”

दुभाषीला घेऊन मोटार निघाली. भाऊरायांना अख्ख्या शहरात एक घड्याळजी आठवेना. घाबरून त्यांनी ड्रायव्हरला आपल्याच गल्लीत वळायला सांगितलं.

दार बायकोनं उघडलं. भाऊराया खाकरले, त्यांनी डोळे मिचकावले. “थोरल्या भगिनी-शहराच्या बाई आल्यात. ते आपलं... दुरुस्तीला असलेलं घड्याळ बघायला.”

“थोरल्या म्हणजे वन्संच की माझ्या. या, बसा. आणि दुरुस्ती कसली? कधी मिनिटभर मागे पडलं नाही ते. तुमच्या डोळ्यात काय गेलंय?”

“कुठे आहे ते?” बाईंनी विचारलं.

“न्हाणीघरात. या घरात सगळ्यांना उशीर तिथेच होतो. पण आत्ता आत मामंजी आहेत.”

आतून भाऊरायांच्या वडिलांचा आवाज आला, “माझी अजून पाच मिनिटं आहेत. घड्याळ दिसतंय मला.”

पाच मिनिटं दोन शहरांची मैत्री बोळात ताटकळत उभी राहिली. मग दार उघडून म्हातारा टॉवेलात बाहेर आला, सगळ्यांकडे बघून “वेळेत आलो की नाही?” म्हणाला आणि निघून गेला.

बाई आत शिरल्या. बादलीच्या वर, वाफेत, घड्याळ टिकटिकत होतं. त्यांनी त्याला कान लावला आणि त्यांचे डोळे भरून आले. “इतक्या शहरांना आम्ही घड्याळं दिली. सगळ्यांनी ती काचेच्या कपाटात बंद पाडून ठेवली. चालतंय ते एवढंच.”

“हेसुद्धा कपाटातच ठेवा म्हणत होते,” बायकोनं नवऱ्याकडे बोट दाखवलं. (पुरुषांना वस्तू जपायची म्हणजे ती वापरायची नाही, एवढंच कळतं.)

दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. भाऊरायांच्या जिवात जीव आला, आणि जीव आल्याबरोबर हावही आली. “बाई, आणि माझा इतिहास? तो पोचला ना?”

“पोचला म्हणजे! रोज कामात असतो.”

भाऊरायांची छाती फुगली. “साहेबांना सांगायचंय. सविस्तर विचारा,” ते दुभाषीला म्हणाले.

दुभाषीनं विचारलं, ऐकलं, आणि नजर घड्याळाकडे वळवली. “त्या म्हणतात, ज्या टेबलावर सगळ्या बहिणींशी करार होतात, त्याचा एक पाय आखूड आहे. पुष्कळ पुस्तकं लावून पाहिली, पण मापाला तुमचंच बसलं. आणखी चार पानं लिहिली असती, तर उपयोग नव्हता.”