फळीच्या शेपटाचा खड्डा

लग्नाची पत्रिका हातात पडली की माणूस मुहूर्त बघतो, जेवण कुठं आहे ते बघतो. आमचे शिवाअण्णा ती दोन बोटांत धरून जाडी बघतात. "लई जाड. डोंबलाचा उपयोग?" असं म्हणून वधूवरांसकट ती परत माझ्या हातात ठेवतात. पातळ असली तर मात्र स्वारी खूश. "अशी छापावी पत्रिका!" मग ती थेट मशीनच्या कप्प्यात जाते. अण्णा लग्नाला जातीलच असं नाही.

मशीन म्हणजे त्यांचं ड्रम सँडर. पिंपळवंडीत माझी पिठाची गिरणी आहे आणि भिंतीला भिंत लागून अण्णांचं सुतारकामाचं शेड. चाकणकडचा कुठलासा फर्निचरचा कारखाना बंद पडला तेव्हा हे जुनं धूड त्यांनी टेम्पोत घालून आणलं. फळी अलीकडून आत सोडायची. आत पॉलिश पेपर गुंडाळलेला रूळ गरगर फिरत असतो, खालचा पट्टा फळीला पुढं ढकलतो आणि पलीकडून ती गुळगुळीत होऊन बाहेर पडते. रूळ आणि पट्टा यांच्यातलं अंतर दोन्ही टोकांना सारखं लागतं, नाहीतर फळी एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला पातळ. ते अंतर अण्णा पत्रिकेनं मोजतात. डाव्या टोकाला ती जेवढी अडकत सरकते, तेवढीच उजव्या टोकाला अडकली पाहिजे.

दुसरा नाद स्लिपरांचा. पेपरात डिंक आणि भुसा बसला की फळी करपते. त्यावर अण्णांचा इलाज म्हणजे जुन्या स्लिपरचा रबरी तळवा फिरत्या रुळावर धरायचा, सगळी घाण रबर ओढून घेतं. त्यामुळं अण्णा माणसाच्या पायाकडं आधी बघतात, तोंडाकडं नंतर. माझ्या मेव्हण्याला पहिल्याच भेटीत विचारलं, "पावणं, ह्या अजून किती दिवस वापरनार?" बिचारा दोन दिवस आमच्याकडं होता, चपला उशाशी घेऊन झोपला.

हसा हो, पण त्या माणसाचा हात! मी पंचवीस वर्षं गिरणी चालवतोय, बेअरिंगमधलं मलाही कळतं असा माझा गैरसमज होता. एकदा अण्णांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. "भाऊ, आतला एक छर्रा चिरलाय." म्हटलं, काहीतरीच काय सांगता! खोलून बघितलं तर खरंच एक छर्रा चिरलेला. मी तोंडात बोटं घातली. फळीवरून तळहात फिरवून ते सांगतात, "हितं केसभर उंच हाय." माझ्या हाताला सगळं सारखंच लागतं. देवानं त्या तळहातात काय घातलंय, त्यालाच ठाऊक.

अशा माणसाला एका खड्ड्यानं वर्षभर छळलं. फळीचं शेपूट मशीनमधून बाहेर पडता पडता, टोकापासून चार बोटांवर, आडवा खड्डा पडायचा. दर फळीला! अण्णांनी रूळ उतरवून बसवला, पट्टा ताणला, स्प्रिंगा बदलल्या. नारायणगावहून मेकॅनिक आला आणि डोकं खाजवून, चहा पिऊन गेला. मीही माझी अक्कल पाजळली. खड्डा आपला जागच्या जागी.

आणि त्या खड्ड्यावर अण्णांचं सगळं बिऱ्हाड पणाला लागलेलं. गेल्या वर्षी वहिनी गेल्या. मुलगा सुनील चिंचवडला कंपनीत असतो. "एकटे राहू नका, मशीन विका आणि फ्लॅटवर चला," असा त्याचा धोशा. शेवटी अण्णाच तावातावानं बोलून बसले, "दिवाळीच्या आत एक तरी फळी खड्ड्याबिगर काडून दावतो. न्हाई निगाली तर मशीन भंगारात आन् मी तुज्या फ्लॅटात!" पोरानं ते पक्कं धरून ठेवलं. आता अण्णा फ्लॅटात काय करणार सांगा? लोकांच्या दरवाजांवरून हात फिरवत जिने चढणार?

दिवाळीआधीच्या रविवारी सुनील आला. अण्णांनी सागाची लांब फळी आत सोडली. मी बटणापाशी होतो. सुनील काहीतरी सांगत होता, पण मशीनच्या आवाजात अण्णांना ऐकू येईना, म्हणून तो चिडून वळसा घालून पलीकडं त्यांच्या समोर गेला. तेवढ्यात फळी त्याच्या पुढ्यात आली. ती खाली झुकायला लागली तसं त्यानं दोन्ही हात तिच्याखाली घातले आणि पूर्ण बाहेर पडेपर्यंत तोलून धरली.

मी मशीन बंद केलं. अण्णांनी शेपटावरून तळहात फिरवला. मग मी फिरवला. खड्डा नव्हता.

बाहेर आलेली बाजू लोंबायची, त्यामुळं मागचं शेपूट वर उचललं जायचं आणि रुळाला जास्त घासायचं. एवढंच! पलीकडं नुसता आधार हवा होता. आणि मग मला आठवलं, पलीकडं वहिनी असायच्या. पदर खोचून, दोन्ही हात पुढं करून. शंभरदा बघितलं असेल मी, आणि वर्षभराच्या खटाटोपात एकदाही ध्यानात आलं नाही. माझी मलाच लाज वाटली.

"अण्णा," मी म्हटलं, "तुमच्यासारख्याला हे कळलं नाही?"

"पयल्या दिशीच कळलं व्हतं."

"मग पलीकडं फळी टेकायला एक लाकडी घोडी उभी करायची! तुम्हाला तासाभराचं काम."

अण्णा फळीकडंच बघत राहिले. "केली व्हती, भाऊ. दोनदा केली. ती हिच्या जागंवर ठिवाय गेलो आन् हात चालंना. म्हनलं, मशीनमदीच काय तरी खोट घावंल."

मी उगाच गिरणीकडं काही राहिल्यासारखं वळून बघितलं. सुनीलनं फ्लॅटचं नाव काढलं नाही. हातातलं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या वर सारल्या आणि पलीकडं जाऊन, दोन्ही हात पुढं करून उभा राहिला.

"अण्णा," तो म्हणाला, "दुसरी सोडा."