ठवकर सरांची रांग

आमचे ठवकर सर रेशनच्या दुकानासमोर भर उन्हात उभे राहतात. नंबर येतो, दुकानदार कार्ड मागतो, आणि सर म्हणतात, "मले काही नाही पाहिजे." मग शांतपणे मागे जातात आणि रांगेच्या शेपटाला पुन्हा उभे राहतात. दुकानदाराने पहिल्या खेपेला त्यांना वेडा ठरवलं. दुसऱ्या खेपेला त्याला वाटलं, हा नक्की पुरवठा खात्याचा माणूस. त्या दिवशी त्याने सगळ्यांना तांदूळ अगदी काट्यावर मोजून दिला. त्या वस्तीतल्या बायका अजून विचारतात, "ते सर येत नाहीत का आता?"

सर वेडेही नाहीत आणि पुरवठा खात्याचेही नाहीत. ते विद्यापीठात समाजशास्त्र शिकवतात, आणि रांग हा त्यांच्या संशोधनाचा विषय आहे.

मी त्यांच्या विभागात कंत्राटी शिपाई. गाव कोकणात, देवगडच्या बाजूला, शाळा नववीत सुटलेली. गावातल्या एकाच्या ओळखीने इतक्या लांब हिंगण्याच्या कारखान्यात आलो, ते काम संपलं, आणि इथे लागलो. नववीत शाळा सुटलेल्या माणसाला एक खोड लागते. कुठल्याही खिडकीसमोर गेलं की तो मागे सरकतो. समोरचा काय विचारेल आणि आपल्याला काय येणार नाही, याचीच धास्ती.

सर मला भेटले ते बँकेच्या रांगेत. पगाराचं खातं उघडायचं होतं आणि खिडकी जवळ येईल तसा मी मागच्याला वाट देत होतो. मागे सर होते. त्यांनी डोक्यावरचा दुपट्टा सोडला आणि विचारलं, "काहून गा, घाबरून काहून राहिला?"

"काय विचारतील, माहीत नाही."

"मले पाठ आहे. नाव, पत्ता, आधार, आणि मग तो म्हणेल, फोटो दुसरा आणा. तो सगळ्याइलेच म्हणतो. तू म्हणायचं, पुढच्या वेळी आणतो. बस्स."

अगदी तसंच झालं. मी आभार मानायला वळलो, तर सर रांगेच्या टोकाला जाऊन कोणाला तरी विचारत होते, "शेवटचे तुमीच का भाऊ?" दुसऱ्या दिवशी विभागात चहा द्यायला गेलो, तर टेबलामागे हेच गृहस्थ!

विभागात सरांच्या विषयाची मजाच चालते. एका मॅडमचं संशोधन जागतिकीकरणावर आहे, एका सरांचं हवामानबदलावर. ती मंडळी चर्चासत्रांना विमानाने जातात. ठवकर सर बसने बर्डीच्या बाजारात जातात आणि नाक भाजून परत येतात. मॅडम म्हणतात, "सर, आम्हाला अनुदान लागतं, तुम्हाला दुपट्टा पुरतो." सर हसतात. त्यांनी रांगेवर निबंध लिहिले, काही छापूनही आले. विभागप्रमुखांनी एकदा कपाळाला हात लावून विचारलं होतं, "अहो, पण यात सिद्धांत कुठं आहे?"

सिद्धांत आहे. मला तो चहा पिता पिता सांगितला. "हे पाय, खिडकीसमोर एकटा माणूस उभा आहे. त्याले रांग म्हणशील?"

"नाही."

"त्याच्या मांग दुसरा येऊन उभा राहिला?"

"मग झाली रांग."

"हाव! म्हणजे रांग कोण सुरू करते? दुसरा! सारे पहिल्याच्याच मांग लागले गा, दुसऱ्याले कोणी पाहूनच नाही राहिलं."

रांगेत उभे असताना सर काही लिहीत नाहीत. लिहायला लागलं की लोक बोलायचे थांबतात, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांना बोलणंच हवं असतं. कोण कुठून आलं, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाचा कूलर बिघडला. त्यांचे वडील विणकर. घरी मागावर बसले की खटखटीत दिवसभर अवाक्षर नाही. सूत वाटपाच्या रांगेत मात्र लहानग्या ठवकरचा हात धरून उभे राहिले की भडाभडा बोलायचे. "आमचा बाप मले रांगेतच भेटला," असं सर एकदाच म्हणाले आणि लगेच चहात साखर कमी म्हणून माझ्यावर ओरडले.

पण त्यांचं एक पालुपद फार महागात पडणारं. "तुमी व्हा समोर, मले घाई नाही." कोणी बाई लेकरू घेऊन आली, कोणी म्हातारा खोकला, कोणी नुसतं घड्याळाकडे पाहिलं, की सर बाजूला. प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला गेले, तर बाहेर बसलेल्या एकाची गाडी सुटायची होती, दुसऱ्याच्या घरी पाहुणे होते. सगळे आत जाऊन आले. सरांचा नंबर लागेपर्यंत मुलाखत घेणारेच उठायच्या घाईत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि तोही सरांनी बाहेर कोणी राहिलं आहे का ते पाहायला मान वळवली तेव्हा! तो त्यांना ऐकूच आला नाही. सर होते तिथेच राहिले.

हे सगळं मला गेल्या एप्रिलमध्ये आठवलं.

झालं असं, की माझ्या बहिणीचं लग्न अचानक ठरलं. वडील नाहीत, भाऊ मी एकटा. आई फोनवर रोज एकच विचारायची, "तू येतलंस मा रे?" कोकणात जाणाऱ्या गाडीचं आरक्षण कधीच भरलेलं. मोबाईलवर तत्काळचा प्रयत्न केला, तर ते गोल चक्र फिरायचं थांबेपर्यंत तिकिटं संपली. बस बदलत बदलत गेलो असतो, तर पोचेपर्यंत वरात निघाली असती. तिकीट काढायला आता एकच दिवस उरला होता आणि नेमकी त्याच सकाळी विभागात तपासणी समिती यायची होती. खुर्च्या मांडायला मी नसलो, तर कंत्राट गेलंच समजायचं.

सर म्हणाले, "तू खुर्च्या मांड. मी अजनी स्टेशनले तिकिटाच्या रांगेत तुझा नंबर धरून ठेवतो."

"सर, पण समिती! तुमचं संशोधन विचारणार ते."

"माझं संशोधन तिथं कुठं आहे गा? ते अजनीलेच आहे."

हो म्हणालो, पण मांडलेल्या खुर्च्याच पुन्हा पुन्हा मोजत होतो. आयुष्यात कोणाच्या पुढे गेला नाही, असा माणूस माझी जागा धरून उभा होता! एखादी बाई लेकरू घेऊन आली असेल. कोणी घड्याळाकडे पाहिलं असेल. प्रमुख दोनदा विचारून गेले, "ठवकर कुठं आहेत?" मी पाण्याचे ग्लास पुसत राहिलो. समिती बसली आणि मी सायकल काढली ती थेट अजनी.

आत शिरण्याआधीच आवाज ऐकू आला.

"मांग व्हा! मांग व्हा म्हणतो ना! इथं माणूस आहे!"

रांगेत दुसऱ्या नंबरवर आमचे सर दोन्ही हात पसरून उभे होते. दुपट्टा सुटलेला, चष्मा नाकावर. एक धिप्पाड गृहस्थ त्यांच्यावर उखडले होते. "कुठे आहे माणूस? सकाळपासून माणूस आहे, माणूस आहे लावलं! मलाही घाई आहे काका."

"असंल घाई. साऱ्याइले असते. पण याच्या बहिणीचं लग्न आहे!"

"कोणाच्या?"

"हा पाय, आला," सर म्हणाले. मला दंडाला धरून त्यांनी पुढे ओढलं आणि स्वतः रांगेतून बाहेर झाले. पहिल्याचं काम झालं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कुठं जायचं?" आणि मी नेहमीसारखा मागे सरकलो. बाजूने सर हळूच म्हणाले, "बोल. गावाचंच नाव तर घ्यायचं आहे."

मी घेतलं. तिकीट मिळालं. मागच्या धिप्पाड गृहस्थांनाही मिळालं, आणि जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "बहिणीला आशीर्वाद सांगा."

थोड्याच वेळात सगळं संपलं. तत्काळची रांग पाऱ्यासारखी विखुरते. कोणी चहाला गेलं, कोणी घरी. खिडकीवर पाटी लागली. मी बाहेर येऊन आईला फोन केला. ती रडली, मग लगेच जेवलास का म्हणून विचारलं. सरांना तर्री-पोहे खाऊ घालावे म्हणून आत परतलो.

सर बंद खिडकीसमोर एकटेच उभे होते. दुपट्ट्याने तोंड पुसत होते. एवढं मोठं ते तिकीटघर, पंख्यांचा आवाज, आणि त्यांना विचारायला कोणी नाही, की काका, तुम्ही कुठं जाऊन राहिले? त्यांच्या घरी मी एकदा फाईल पोचवायला गेलो होतो. तिथेही असाच पंख्याचा आवाज आणि टेबलाशी एकच खुर्ची ओढलेली.

मी जाऊन त्यांच्या मागे उभा राहिलो.

"शेवटचे तुम्हीच का सर?"

सरांनी वळून पाहिलं नाही. फक्त दुपट्टा नीट बांधला आणि खांदे सरळ केले.

"हाव," ते म्हणाले. "आता तू. कुठं जाऊन राहिला गा?"

मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो.