बेचाळीस रकाने आणि एक श्वास

दुसऱ्याच्या तोंडाला लागलेली वस्तू आपल्या तोंडाला लावायची नाही, असा त्र्यंबकरावांचा नियम होता. नियम साधाच. पण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

मिरजेहून नोकरीसाठी म्हैसूरला येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. नंजनगूडच्या एका कारखान्यात ते क्वालिटी कंट्रोलचे मुख्य होते. रोज सकाळच्या गाडीने जाताना त्यांच्या पिशवीत स्वतःचा पेला, स्वतःचा चमचा आणि (चमचा पडलाच तर) आणखी एक चमचा असे. बाटलीतलं पाणी ते वीतभर वरून तोंडात ओतत. लग्नाच्या पंगतीत सिंधूताईंनी अर्धी खाऊन पुढे केलेली जिलबी त्यांनी दात न लागलेल्या कडेने जेमतेम कुरतडली होती. ही जिलबी सिंधूताई अठ्ठावीस वर्षांनंतरही सणावारी बाहेर काढत.

अशा माणसाला मुलीने समुद्राखाली बोलावलं.

इरा अंदमानात प्रवाळांचा अभ्यास करत होती. जानेवारीत ती चार वर्षांसाठी परदेशी जाणार होती. जुलैमध्ये एकदा फोनवर म्हणाली, "बाबा, मी जायच्या आधी एकदा माझ्याबरोबर पाण्याखाली चल. मी दिवसभर काय बघत असते ते तुला दाखवायचंय."

त्र्यंबकरावांना पोहता येत होतं, म्हणजे तलावाची कड हाताला लागेल एवढ्या अंतरात येत होतं. पण पोरीने गेल्या दहा वर्षांत त्यांच्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. ते पटकन हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

अंदमानपेक्षा जवळ म्हणून डिसेंबरात मुर्डेश्वरच्या समुद्रात जायचं ठरलं. त्याआधी म्हैसुरातच तलावात शिकून घ्यायचं. तलावात जो पास होणार नाही त्याला समुद्रात नेत नाहीत, हे इराने दोनदा बजावून सांगितलं. शिकवणारा मात्र घरातलाच निघाला. खाली राहणाऱ्या घरमालकीण अंबूताई म्हणजे म्हैसुरातलं जुनं शिंप्यांचं घराणं. देव्हाऱ्यात विठोबा, ओसरीवर शिवणयंत्रं आणि बोलण्यात निम्मं कन्नड. त्यांचा भाचा सुदीप याने शिलाई सोडून पाणी धरलं होतं. दर रविवारी नजरबादच्या बाजूला एका क्लबच्या तलावात तो स्कूबा शिकवत असे.

"सामान काय आणू नका सर," सुदीप म्हणाला. "जाकीट, रेग्युलेटर, सगळं माझ्याकडे आहे. तुम्ही सुम्ने, नुसते या. अष्टे, एवढंच."

"रेग्युलेटर म्हणजे तो तोंडात धरायचा?"

"हां सर. टाकीतली हवा त्यातूनच येते की."

"आणि तो याआधी कोणाच्या तोंडात होता?"

सुदीपने प्रामाणिकपणे विचार केला. "ह्या वर्षी म्हणता काय सर?"

त्र्यंबकरावांनी त्याच क्षणी स्वतःचा रेग्युलेटर घ्यायचं ठरवलं.

आता पहिला रेग्युलेटर निवडायचा म्हणजे आधी तो समजून घ्यायला हवा. त्र्यंबकराव समजून घ्यायला बसले आणि अवाक् झाले. टाकीत हवा दोनशे पट दाबून भरलेली. ती तशीच अंगावर आली तर माणूस संपला. पण टाकीच्या तोंडावर बसणारा पितळेचा ठोकळा तो दाब उतरवतो, आणि तोंडाजवळची डबीएवढी वस्तू आपण ओढू तेवढीच आणि ओढू तेव्हाच हवा देते. जितकं खोल जाल तितका हवेचा दाब ती पाण्याच्या दाबाशी जुळवून घेते. हे सगळं करतो कोण, तर एक पातळ रबरी पडदा. वीस वर्षांत लाखो नग हाताखालून गेले, पण माणसाचा श्वास ओळखणारा नग त्यांनी पाहिला नव्हता.

"अगं, आपण श्वास घेणार हे त्याला कळतं," त्यांनी सिंधूताईंना सांगितलं.

"चांगलं आहे," सिंधूताई भाजी चिरता चिरता म्हणाल्या. "न सांगता कळणारं काहीतरी या घरात असू दे."

त्र्यंबकरावांनी एक्सेलमध्ये तक्ता केला. बेचाळीस रकाने. आत दट्ट्या की पडदा, नळी किती लांब, वजन किती, स्क्रूचे आटे कसले, रबर कोणतं, किती मीटरपर्यंत तपासलेला. दोन महिने ते रोज संध्याकाळी एकेक कंपनी बाद करत होते आणि सुदीपला फोन करत होते.

"सर, पहिलाच घेता ना? मग साधा घ्या," सुदीप दर वेळी सांगायचा. "दोनच बघायचं. ओढायला हलका आहे काय, आणि बिघडला तर जवळ कुठं रिपेर होतो काय."

"पण याला रकाना कुठला करायचा?"

शेवटी बेचाळीसपैकी एक्केचाळीस रकान्यांत पहिला आलेला रेग्युलेटर मागवला गेला. गोठलेल्या समुद्रात, बर्फाच्या थराखालीसुद्धा तो दगा देणार नाही अशी कंपनीची हमी होती.

"मुर्डेश्वरला बर्फ पडतो?" सिंधूताईंनी विचारलं.

"पडला तर?"

दसऱ्याच्या आठवड्यात पार्सल आलं. त्र्यंबकरावांनी आधी साबणाने हात धुतले, मग खोकं उघडलं. आरशासारखा लखलखीत पितळी ठोकळा, काळ्या नळ्या, नव्या रबराचा वास. या एवढ्याशा वस्तूच्या भरवशावर आपण पोरीच्या जगात उतरणार, या विचाराने त्यांनी पुन्हा एकदा हात धुतले. त्याच वेळी त्यांनी एक पणही केला. यातला पहिला श्वास घ्यायचा तो पाण्याखालीच, कोरड्यावर वाया घालवायचा नाही. (असे पण करायचे नसतात, हे माहितीपुस्तकात लिहिलेलं होतं. ते पान त्यांनी वाचलंही होतं.)

म्हैसुरात आयुधपूजेला पूजेवाचून काही सुटत नाही. अंबूताईंच्या ओसरीवर शिवणयंत्रं, कात्र्या, इस्त्री, मिक्सर अशी रांग लागली होती. दारात स्कूटर हार घालून उभी होती आणि फोडायचा कोहळा तयार होता.

"त्र्यंबका, तुझं ते पाण्यातलं यंत्र आण की खाली," अंबूताईंनी हाक मारली.

"त्याला कशाला पूजा, अंबूताई?"

"कात्रीला करतो. कात्री कापड कापते, अष्टे. ह्याच्यावर तर तुझा जीव आहे म्हणतोस. मग?"

हा मुद्दा क्वालिटी कंट्रोलने मान्य केला. रेग्युलेटर आला, पाटावर बसला. अंबूताईंनी ठोकळ्यावर एक बारीक ठिपका लावला आणि त्या कात्रीकडे वळल्या. गोष्ट इथेच संपली असती. पण त्र्यंबकरावांचं समाधान होईना.

"एवढंच?" ते म्हणाले. "खरं काम तर या तोंडाच्या डबीत आतल्या बाजूला होतं."

"मग आत लावते की. धर नीट."

त्र्यंबकरावांनी डबी तोंड वर करून दोन्ही हातांनी धरली. अंबूताईंनी ओलं कुंकू बोटाने आतवर फिरवलं आणि जिवाचा मामला म्हणून मूठभर अक्षता वरून सोडल्या. त्र्यंबकरावांनी डोळे मिटून नमस्कार केला. नंतर त्यांनी रेग्युलेटर मऊ फडक्याने बाहेरून पुसला. आतून पुसायचा प्रश्नच नव्हता, कारण अनोळखी हातांनी आतल्या भागाला हात लावू नये असं पुस्तकात ठळक छापलं होतं. मग तपासणीचा कागद भरून खाली सही केली आणि सहीखाली तारीखही घातली.

रविवारी तलावावर सुदीपने रेग्युलेटर टाकीला जोडला आणि सवयीने तपासायला स्वतःच्या तोंडाकडे नेला. त्र्यंबकरावांनी तो हवेतच पकडला.

"मी तपासलाय," ते म्हणाले आणि सहीचा कागद पुढे केला.

सुदीपने कागद बघितला, सरांकडे बघितलं. बटण दाबलं तशी फुस्स करून हवा आली. "पर्वागिल्ला," तो म्हणाला. "चालतंय. पण सर, खाली जायच्या आधी वरच दोन श्वास घ्या."

त्र्यंबकरावांनी डबी दातात धरली, गाल दोनदा फुगवून दाखवले आणि पणाला जागून श्वास तसाच रोखून धरला. काठावरच्या खुर्चीत सिंधूताई टॉवेल घेऊन बसल्या होत्या. सुदीपने बोट खाली केलं. दोघं पाण्यात गेले आणि तळावर गुडघे टेकून समोरासमोर बसले.

मग त्र्यंबकरावांनी आयुष्यातला पहिला पाण्याखालचा श्वास घेतला, आणि तो पाण्याचा होता.

ओल्या कुंकवात माखून आत चिकटलेल्या अक्षता पाणी लागताच सुटल्या होत्या. त्यातली एक हवा बाहेर सोडायच्या पातळ रबरी झडपेत जाऊन अडकली, झडप उघडीच राहिली आणि हवेबरोबर तलाव आत यायला लागला. त्र्यंबकराव खोकले. खोकल्याबरोबर त्यांच्या तोंडापासून एक लालभडक ढग निघाला आणि हळूहळू पसरत गेला. हवा संपली तर गळ्यापाशी हात आडवा फिरवायचा, हे त्यांनी महिनाभर आरशासमोर पाठ केलं होतं. त्यांनी प्रत्यक्षात नमस्कार केला.

सुदीपला खूण कळली नाही, पण चेहरा कळला. त्याने त्यांच्या तोंडातली डबी काढली, स्वतःच्या तोंडातली उपसली आणि जशीच्या तशी त्यांच्या तोंडात घातली. स्वतः शांतपणे जवळची जादा डबी लावली.

आणि हवा आली.

कोरडी, गार, आपण मागू तेवढी. त्र्यंबकरावांनी ओढली, ती आली. सोडली, तर कानाजवळून बुडबुडे गुडगुडत वर गेले. पुन्हा ओढली, पुन्हा आली. तीन श्वासांनंतर त्यांच्या लक्षात आलं की आपण जिवंत आहोत, आणि पाण्याखाली आहोत, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यांनी मान वर केली. वर सूर्य लालसर पाण्यात हलत होता, बुडबुडे त्याच्याकडे निघाले होते आणि कुठेही कसलाच आवाज नव्हता, स्वतःच्या श्वासाखेरीज. इरा रोज इथे असते, त्यांना वाटलं. त्यांच्या पाण्यातल्या चष्म्याच्या आत पाणी आलं, पण ते तलावाचं नव्हतं. डबी कोणाच्या तोंडातली, हे त्यांना आठवलंसुद्धा नाही.

वर मात्र हाहाकार उडाला होता. लाल पाणी बघून लोक काठावर धावले होते, कोणी अँब्युलन्सला फोन लावत होतं. त्र्यंबकरावांनी डोकं बाहेर काढलं तेव्हा ओठ लाल, दात लाल, हनुवटी लाल. सिंधूताई टॉवेल, पर्स आणि चपलांसकट पायऱ्या उतरून कमरेएवढ्या पाण्यात आल्या होत्या.

"कुठे लागलंय?" त्यांनी त्र्यंबकरावांची हनुवटी धरून विचारलं.

"कुठेच नाही," त्र्यंबकराव भारावलेल्या स्वरात म्हणाले. "अगं, खाली काय सुंदर आहे."

सिंधूताईंनी त्यांचे दात निरखून बघितले, वास घेतला आणि त्यांना कुंकू ओळखू आलं. त्यानंतरचं बोलणं घरगुती स्वरूपाचं होतं.

सुदीपने काठावर बसून डबी उघडली. आत लाल चिखल आणि अक्षता.

"आत्त्याकडे गेला होता काय हा?" त्याने विचारलं. "मला पण मागते की दरवर्षी पूजेला. मी रिकामी पेटी देतो सर."

त्र्यंबकरावांना एकाच गोष्टीची धास्ती होती. "म्हणजे मी नापास?"

"अय्यो, पास सर. आपली हवा गेली तर शेजाऱ्याची घ्यायची, हा आमचा महत्त्वाचा धडा. लोक दुसऱ्याची घ्यायला घाबरतात. तुम्ही तर परत द्यायलाच तयार नव्हता." मग त्याने त्र्यंबकरावांच्या डबीची, दातात धरायची रबरी तोंडपट्टी वर धरली. "फक्त हे चावून तोडलाय तुम्ही. नवीन बसवतो."

पुढच्या रविवारी धुऊन-पुसून, नवी तोंडपट्टी बसवलेला रेग्युलेटर घ्यायला त्र्यंबकराव गेले, तर तो सिंधूताईंच्या मांडीवर होता. मुर्डेश्वरला मीही उतरणार, असं त्यांनी सुदीपला परस्पर सांगून टाकलं होतं.

"मला आपला नवाच बरा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं उष्टं मी तोंडात घालणार नाही."

"पण तो माझा आहे. माझा उष्टाच झाला की तो."

"कसा? तोंडपट्टी नवी आहे. आणि यातून तुम्ही एक तरी श्वास घेतलाय? पाणी प्यायलात फक्त. श्वास घेतलात तो सुदीपचा." मग त्या म्हणाल्या, "माझी जिलबी चालली नव्हती."

सिंधूताई पहिल्याच फेरीत पास झाल्या.

डिसेंबरात मुर्डेश्वरच्या समुद्रात होडी नांगर टाकून उभी राहिली. इरा आधीच पाण्यात उतरून दोघांची वाट बघत होती. होडीवाल्याने भाड्याच्या रेग्युलेटरांची बादली त्र्यंबकरावांपुढे सरकवली.

"कुठला घेऊ?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"कुठलाही घ्या. सगळे सारखेच."

बेचाळीस रकान्यांच्या माणसाने वरचा उचलला, न पुसता तोंडात घातला आणि वरच दोन श्वास घेतले. त्याला कोणाच्या तरी सुपारीची चव होती. मग त्यांनी उडी टाकली.

खाली इराने त्यांचा हात धरला आणि वीस मिनिटं सोडला नाही. तिने कासव दाखवलं, खडकाच्या कपारीतली मासळी दाखवली, आणि एकदा नुसतंच समोर बोट केलं, जिथे निळ्याखेरीज काही नव्हतं. त्र्यंबकराव बघत राहिले. पोरगी लहान असताना ते तिला बोट धरून राजवाड्याची रोषणाई दाखवायला नेत, तेव्हा ती अशीच बघत राहायची.

वर आल्यावरही त्यांनी इराचा हात सोडला नाही. तेवढ्यात शेजारी सिंधूताई वर आल्या आणि त्यांनी तोंडातली डबी काढली.

"आई, कसा वाटला बाबांचा रेग्युलेटर?" इराने विचारलं. "दोन महिने निवडत होते."

"चांगला आहे," सिंधूताई म्हणाल्या. "बर्फाचा अजिबात त्रास झाला नाही."